गारगोटीची पूड

त्या वर्षी मंगळावर पहिल्यांदाच एक छोटी गाडी उतरली आणि चालली. सहा चाकांची, आमच्या घरातल्या हार्मोनियमच्या पेटीपेक्षा थोडीशी मोठी. आमच्या गल्लीत केबल टीव्ही नुकताच आला होता. शेजारच्या घरात दहाबारा माणसं दाटीनं बसून ती तांबूस चित्रं बघत होती. माझे वडील म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन दगडच बघायचे होते, तर इथं जवळच पुदुकोट्टैच्या खडकाळ माळावर गेले असते तरी चाललं असतं." सगळे हसले. मी मात्र त्या गाडीच्या मागं उमटलेल्या चाकोरीकडं बघत राहिले होते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि तंजावूरबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. अशी कॉलेजं त्या काळात भातशेतांच्या मधोमध उभी राहत होती. काल जिथं बगळे होते तिथं आज कमान आणि फलक. आमच्या कॉलेजच्या भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास यायचा. मला पीएच.डी. करायची होती आणि विषय सापडत नव्हता. त्या चाकोरीत तो सापडला. सुट्या, भुसभुशीत मातीत चाक रुतलं तर इथं चार माणसं खांदा लावतात. तिथं खांदा लावायला कोण आहे? मग ते चाक कसं असावं, किती रुंद, त्याला बाहेरून पट्ट्या लावाव्यात का, किती?

माझे मार्गदर्शक तिरुचीला होते. ते म्हणाले, "विषय चांगला आहे. पण कागदावर नको. पेटी बांध, माती भर, चाक फिरव, मग माझ्याकडं ये."

प्राचार्यांनी मला वर्कशॉपच्या मागची एक शेड दिली. इमारत बांधताना तिथं सिमेंटची पोती ठेवत. वर ॲस्बेस्टॉसचे पत्रे, दोन खिडक्या, एक दार. शेडबरोबर एक माणूसही दिला. तेच अण्णा.

अण्णा पन्नाशीला आलेले, उंच, काटकुळे, खाकी शर्टाच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडलेल्या. आधी ते पापनाशमच्या बाजूला एका भाताच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा बायको आणि मुलीला घेऊन तंजावूरला आले आणि कॉलेजात रोजंदारीवर लागले. वर्कशॉप झाडणं, लोखंडाचा कीस गोळा करणं, यंत्रांना तेल घालणं हे त्यांचं काम. पहिले पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी तमिळमध्येच बोललो. मग एकदा पेटीच्या पत्र्याचा कोपरा त्यांच्या बोटावर पडला आणि ते ओरडले, "आई आई गे!"

मी हातातला पाना खाली ठेवला. "तुम्ही आमच्यातले?"

बोट तोंडात धरूनच ते हसले. "होय की. तुम्ही पण?"

तीनशे वर्षांपूर्वी तंजावूरला येऊन राहिलेल्या मराठी घरांतले आम्ही दोघंही निघालो, आणि त्या दिवसापासून शेडचं दार लावलं की आतली भाषा बदलायची. बाहेर मी मॅडम. आत मी त्यांना अण्णा म्हणायची आणि ते मला अक्का. दोघंही एकमेकांना थोरलं करत होतो. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं होतं. माझ्या आजीचे जे शब्द मी विसरले होते ते त्यांच्या तोंडी सहज यायचे.

पेटी तयार व्हायला चार महिने लागले. बारा फूट लांब, तीन फूट रुंद, कमरेएवढी उंच. दोन्ही कडांवर रूळ, रुळांवर एक चौकट आणि चौकटीखाली एकच चाक. चाक ॲल्युमिनियमचं, जेवणाच्या ताटाएवढं, आमच्याच लेथवर कातलेलं. ते फिरवायला मोडीत निघालेल्या बसच्या वायपरची मोटर. ती अण्णांनीच शोधून आणली, भंगारवाल्याकडं तीन शनिवार बसून. चाकावर वजनं ठेवायची, मोटर चालू करायची, आणि मग तीन गोष्टी मोजायच्या: चाक किती खोल रुतलं, किती जोरानं ओढू शकलं, आणि किती घसरलं. घसरलं म्हणजे चाक जेवढं फिरलं त्या मानानं पुढं किती कमी गेलं. थोडं घसरतंच, त्यावाचून पकड येत नाही. पण एका मर्यादेच्या पुढं गेलं की ते पुढं न जाता खालची माती मागं फेकत बसतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. ती मर्यादा कुठं आहे, हाच माझा सगळा प्रबंध.

सुरुवातीला आम्ही कावेरीची वाळू भरली. मार्गदर्शक ती बघायला आले, मूठभर उचलून बोटांमधून सोडली आणि मान हलवली. "ही नदीनं घासून गोल केलेली वाळू आहे. तिथं नदी कुठली? बारीक हवी, पिठासारखी, आणि कणाला धार हवी."

तशी माती आणायची कुठून? खऱ्या तिथल्या मातीचा दगडच वेगळा. पण आमच्या आवाक्यात होती ती गारगोटी. तिरुचीच्या पलीकडं एक दगड दळायची गिरणी होती. तिथं पांढऱ्या गारगोटीची पूड करून काचेच्या कारखान्यांना पाठवत. मी स्वतः तिथं गेले. पूड हातात घेतली, भिंगाखाली बघितली. मला हवी तशीच होती. गिरणीतले कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले होते, भुवयासुद्धा. मी ते पाहिलं. त्याबद्दल मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हे मला इथं लिहून ठेवलं पाहिजे.

लॉरीतून पोती आली. अण्णांनी पहिलं पोतं उसवलं आणि शेडभर धुकं पसरलं.

आता मुख्य काम सुरू झालं आणि ते माझं नव्हतं, अण्णांचं होतं. चाक पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला दोन मिनिटं लागायची. पण चाक गेलं की खालची पूड दाबली जायची आणि पुढच्या वेळी तीच माती वेगळी वागायची. म्हणून प्रत्येक खेपेआधी सगळी पेटी तळापर्यंत उकरायची, चाळणीनं चाळायची, ठरावीक उंचीवरून हलक्या हातानं पुन्हा पसरायची आणि लांब फळीनं पृष्ठभाग सपाट करायचा. त्याला तास लागायचा. अशा खेपा दिवसाला चार, कधी पाच. मी पहिल्यांदा स्वतः करून बघितलं तेव्हा माझे आकडे एकमेकांशी कधीच जुळले नाहीत. अण्णांनी केलं की जुळायचे. त्यांचा हात एका लयीत चालायचा. गिरणीत भात वाळत घालताना खळ्यावर पसरायची सवय, असं ते म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात, चाळायला सुरुवात करण्याआधी, ते तांब्या घेऊन आले.

"अक्का, थोडं पाणी शिंपडूं काय? तूसी फार उडते."

तूसी म्हणजे धूळ. आमच्या बोलण्यात असे तमिळ शब्द असायचेच. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडतात तसं त्यांना करायचं होतं.

"नको नको!" मी जवळजवळ ओरडलेच. "एक थेंब नको. ओल आली की कण चिकटतात, सगळे आकडे चुकतात. तिथं मंगळावर पाणी नाहीये, अण्णा."

"सरी," बरं अशा अर्थानं ते म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी दाराबाहेरच्या जास्वंदीला घालून आले.

आमच्याकडं हवेत ओल फार. कालव्यांचा प्रदेश, चारी बाजूंना भात उभा. ऐप्पसी-कार्तिकात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, पाऊस लागला की मीठसुद्धा बरणीत वितळतं. म्हणून मी खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या. पंखाही बंद, कारण पंख्यानं सपाट केलेल्या पुडीवर लाटा उठायच्या. पुडीचे ट्रे भट्टीत तापवून कोरडे करायचे, तेही अण्णाच. मी शेडमध्ये चाक चालायच्या वेळी असायची, बाकीचा वेळ वर्गात नाहीतर आकडेमोडीत. ते दिवसभर आत असायचे. मी त्यांना तोंडाला बांधायला सांगितलं नाही असं नाही. एकदा म्हटलं, "तुंडू बांधा तोंडाला." त्यांनी खांद्यावरचा पंचा गुंडाळला. उकाड्यात तो थोड्या वेळानं गळ्यात आला आणि गळ्यातच राहिला. मी पुन्हा काही बोलले नाही.

त्यांना ते काम फार आवडायचं. हे मी माझ्या समाधानासाठी लिहीत नाही. खरंच आवडायचं. त्यांच्या गल्लीत ते सांगायचे की आम्ही मंगळाच्या गाडीचं काम करतो. लोक चेष्टा करायचे: "काय हो, मंगळावर झाडू मारायला जाताय काय?" ते मला हे सांगून स्वतःच हसायचे. दुपारी शेडच्या सावलीत आम्ही डबे उघडायचो. त्यांच्या डब्यात बहुतेकदा दहीभात आणि मागळीच्या मुळांचं लोणचं. आपल्या मुलीबद्दल बोलायचे. ती तेव्हा दहावीत होती, गणितात हुशार होती. "तिलापण असंच काहीतरी शिकवीन," असं म्हणायचे.

एकदा घसरण मोजायचं आमचं साधन बिघडलं. सायकलच्या भागांतून बनवलेलं एक मोजयंत्र होतं, ते बंद पडलं. मी म्हटलं आजचा दिवस फुकट गेला. अण्णा पेटीवर वाकून चाकोरी बघत होते.

"आज चाक फार घसरलं," ते म्हणाले.

"कशावरून?"

"हे बघा की. पट्ट्यांचे ओरखडे जवळजवळ आलेत. काल यांच्यामध्ये चार बोटं जागा होती. आज दोन."

मी पट्टी आणून मोजलं. त्यांचं बरोबर होतं. चाकावरच्या पट्ट्यांमधलं अंतर ठाऊक असतं. चाक न घसरता गेलं तर मातीतले ठसेही तेवढ्याच अंतरावर पडतात. जेवढं घसरतं तेवढे ते जवळ येतात. म्हणजे मागं उमटलेली चाकोरी बघूनच घसरण सांगता येते, गाडीवर कुठलंही साधन नसलं तरी. दुसऱ्या कुणाला हे ठाऊक असेलही, पण मला ते अण्णांनी दाखवलं. माझ्या पहिल्या शोधनिबंधात तो भाग सगळ्यात चांगला होता. निबंध दिल्लीच्या एका परिषदेत स्वीकारला गेला. छापून आल्यावर मी प्रत घेऊन शेडमध्ये गेले.

"यात मी कोठें?" त्यांनी विचारलं.

शेवटी आभाराची एक ओळ होती. मी त्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ न्याहाळली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ती प्रत त्यांनी मागून घेतली आणि घरी नेली. त्या ओळीत 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे सहकार्य' एवढंच होतं. नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मला कळलं की मुलीनं त्यांना ती ओळ वाचून दाखवली आहे. त्यांनी फळी उचलली आणि पेटी सपाट करायला घेतली.

खोकला कधी सुरू झाला ते मला नेमकं आठवत नाही. दुसऱ्या वर्षी होता. तिसऱ्या वर्षी तो सततचा झाला. कोरडा, उथळ खोकला. फळी ओढता ओढता ते मध्येच थांबायचे, पेटीच्या कडेला हात टेकून उभे राहायचे, मग पुन्हा त्याच जागेवरून सुरू करायचे. शर्ट अंगावर लोंबायला लागला. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? ते म्हणाले, कॉलेजात. डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या. सहा महिने त्यांनी त्या नेमानं घेतल्या, रोज सकाळी, एकही न चुकवता. वजन वाढलं नाही.

त्या सहा महिन्यांत मी काम थांबवलं नाही. शेवटच्या चाकाच्या चाचण्या उरल्या होत्या. मी म्हटलं, "अण्णा, दुसऱ्या कुणाला बोलावू का?" ते म्हणाले, "दुसरा करेल तर आकडे जुळतील काय?" मला तेच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, नाही.

गोळ्या संपल्या आणि खोकला तसाच राहिला, तेव्हा मीच म्हटलं की तिरुचीला छातीचे एक चांगले डॉक्टर आहेत, मी बरोबर येते. सकाळच्या बसनं गेलो. त्यांनी नवा पांढरा शर्ट घातला होता आणि जुना फोटो मोठ्या पाकिटात छातीशी धरला होता. त्यांच्या बायकोनं वाटेत खायला इडल्या बांधून दिल्या होत्या.

डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. नवा फोटो काढला. तो खिडकीच्या उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग तमिळमध्ये विचारलं, "दगडाच्या खाणीत किती वर्षं आहात?"

अण्णा हसले. "खाणीत नाही, सार. मी कॉलेजात आहे. लॅबमध्ये."

"त्याआधी?"

"भाताच्या गिरणीत."

डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी पुन्हा फोटो उचलला. "हे खाणीतल्या माणसांत बघायला मिळतं," ते जणू स्वतःशी म्हणाले.

मला कळलं. अण्णा माझ्याकडं बघत होते, मॅडम काहीतरी समजावून सांगतील म्हणून. मी इंग्रजीत बोलले. अण्णांना कळू नये म्हणून इंग्रजीत बोलले. मी म्हटलं, आम्ही गारगोटीची पूड वापरतो, अगदी बारीक, कोरडी. हे ती चाळतात.

डॉक्टरांनीही इंग्रजीत विचारलं, "किती दिवस?"

"तीन वर्षं. थोडी जास्तच."

"तोंडाला मास्क?"

"नाही."

"खिडक्या?"

"बंद ठेवतो."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की फुप्फुसात गेलेली ती पूड बाहेर काढता येत नाही. आत गाठी धरतात, आणि धुळीपासून दूर नेलं तरी त्या वाढतच राहतात. औषध खोकल्याचं देता येईल, बाकी नाही.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले. कल्लणै धरणाचा कालवा भरून वाहत होता, भाताची लावणी चालू होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

मी म्हटलं, "धुळीपासून लांब राहायचं म्हणाले."

"कसली धूळ?"

"सगळीच."

"मग पेटी कोण सपाट करेल?"

"झालं आता माझं काम," मी म्हटलं. "आणखी खेपा नकोत."

ते खूश झाले. त्यांना वाटलं प्रबंध पुरा झाला. इडलीची पुडी उघडून त्यांनी दोन माझ्या हातावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, ऐकताना त्यांचे डोळे खाली गेले. पण शेवटी म्हणाले, "तोंडी सांगितलंत ते ठीक. लिहून देऊ नका. लिहिलंत तर तुमच्या प्रबंधाचं काय होईल, विचार करा." त्यांनी अण्णांना ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवायचं काम दिलं. मी लिहून दिलं नाही. शेडला कुलूप लागलं. माझा प्रबंध मान्य झाला, आणि त्या जोरावर मला पुण्याला नोकरी मिळाली.

निघण्याआधी मी ग्रंथालयात निरोप घ्यायला गेले. अण्णा स्टुलावर बसून डिंकाच्या बाटलीत ब्रश बुडवत होते. एक जिना चढलं तरी त्यांना धाप लागायची, म्हणून खालच्या मजल्यावर बसवलं होतं. त्यांनी पहिल्यांदाच मला एकेरी हाक मारली.

"जातेस काय? तिकडं सगळे आपलंच बोलतात म्हणे. दुकानातपण."

"हो, अण्णा."

"मग तुझं बोलणं ऐकून हसतील. हसूं देत. सोडूं नको."

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलंही होतं. पण त्यांना खोकल्याची उबळ आली, मी पाणी आणून दिलं, ते प्यायले, आणि तो क्षण टळला. तो टळला म्हणून मला बरं वाटलं होतं.

दीड वर्षानं त्यांच्या मुलीचा फोन आला, एसटीडी बूथवरून. मागं रस्त्याचा आवाज होता. "अप्पा गेले," ती म्हणाली. "शेवटी निजवेना त्यांना. बसूनच असायचे." रेल्वेनं पोचायला मला तीन दिवस लागले. तोवर सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले, दुपारी. एक खोली, मागं स्वयंपाकाची जागा, भिंतीवर अण्णांचा कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो. मुलगी शिकवणीला गेली होती. त्यांची बायको एकटीच होती. ठेंगणी, मोठ्या कपाळाची बाई. आम्ही पूर्वी दोनतीनदाच भेटलो होतो. तिनं चटई अंथरली, स्टीलच्या पेल्यातून कॉफी आणली, आणि अण्णा माझ्याबद्दल काय काय बोलायचे ते सांगत बसली. आमच्या अक्कानं हे केलं, आमच्या अक्काला दिल्लीला बोलावलं. मला ते ऐकवेना.

मी सांगितलं. सगळं, तमिळ मिसळून, मराठीत. गारगोटी काय असते, ती पूड फुप्फुसात गेली की काय होतं. मी पंखा लावू दिला नाही. पाणी शिंपडू दिलं नाही. तिरुचीच्या डॉक्टरांनी खरं काय सांगितलं, आणि मी ते अण्णांपासून कसं लपवलं. सांगताना मी रडत होते. ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "तोंडाला कापड बांधलं असतं, पाणी शिंपडलं असतं, तर ते वाचले असते?"

"बहुतेक. हो."

"तुज हे तिरुचीला कळलं."

"हो."

"त्यानंतर दोन वर्षं तूं गप्प राहिलीस. मग आज कशाला सांगितलंस?"

मला वाटलं होतं, सांगणं हे माझं कर्तव्य आहे.

"मी देवाला बोल लावत होते इतके दिवस," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "क्षय आला, नशीब, दुसरं काय, म्हणून निजत होते. आता रात्रंदिवस मज तो तांब्या दिसणार. तूं पुण्याला जाशील. मी कोठें जाऊं?"

मी म्हटलं की मी कॉलेजला लिहिते, साक्ष देते, नुकसानभरपाई मागू. ती म्हणाली, "लिही." मी पुण्याला परतून खरंच लिहिलं, तीन पत्रं, सगळं स्वतःवर घेऊन. एकाच पत्राला उत्तर आलं. सदर इसम रोजंदारीवर होता, आजार क्षयाचा असल्याची नोंद आहे, असं त्यात होतं. मुलीला पुढं मी शिक्षणाच्या खर्चाबद्दल विचारलं तेव्हा तिनं सभ्यपणे, दोन ओळींत, नको म्हणून कळवलं. ती आता कुठल्याशा शाळेत गणित शिकवते, एवढं मला दुसऱ्याकडून कळलं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी अण्णांची बायको उठली आणि माझ्यापुढचा पेला उचलून आत घेऊन गेली. कॉफी अर्धीच प्यायली होती. आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. मी बराच वेळ चटईवर बसून होते. ती बाहेर आली नाही. शेवटी मी "येते" म्हटलं आणि चपला घालून निघाले.

आज माझ्या विभागातही वाळूची पेटी आहे. मुलं वेगवेगळी चाकं तिच्यातून चालवतात. दोन्ही भिंतींना हवा खेचणारे पंखे आहेत, आणि मास्क नसेल तर मी दारात पाऊल ठेवू देत नाही. मुलांना मी खाष्ट वाटते. एका मुलीनं एकदा विचारलं, "मॅडम, एवढं काय?" मी तिला नियम सांगितला, गोष्ट सांगितली नाही.

त्यानंतर मी तंजावूरला तीनदा गेले. वडील होते तोवर जावंच लागायचं. अण्णांच्या गल्लीत नाही गेले.